पुन्हा सांग, अक्का

कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती
९ जानेवारी २०२५

रविराज,

वर चिरंजीव लिहायला घेतलं होतं, हात धजला नाही. नुसतं नाव लिहिलंय, तेवढ्यावर भागव.

गेले काही दिवस तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाही. छकुलीलाही उचलू नको म्हणून बजावलंय. तुझ्याशी फोनवर बोलायची मला भीती वाटायला लागलीय. कागदावरचं निदान तुला माझ्या आवाजात कुणाला ऐकवता येणार नाही.

नाताळात तू छकुलीच्या मोबाइलवर तुझा नवा सिनेमा पाठवलास. मी भाकरी थापत होते. तिनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, म्हणाली, आई, मामाचा सिनेमा बघ. मीही कौतुकानं बघायला लागले. तुझ्या खिडकीबाहेरचा रस्ता, बर्फ ढकलणारी गाडी, बसची वाट बघणारी माणसं. आणि त्यावर माझा आवाज. आधी मला हसूच आलं. मी भेंडीबद्दल बोलत होते, गाभण गाईबद्दल, ह्यांच्या गुडघ्याबद्दल. आमच्या शेतातलं बोलणं आणि समोर टोरांटोचा बर्फ. म्हटलं, रव्याचं डोकं लहानपणापासून असंच चालतं.

मग छकुलीनं एकदम मोबाइल उलटा ठेवला. मी म्हटलं, लाव. ती म्हणाली, नको आई. मी म्हटलं, लाव म्हणते ना.

"आत्याबाई सुटल्या तर बरं होईल रे. त्या पण सुटतील आणि मी पण."

आणि त्यानंतर बर्फ. कितीतरी वेळ नुसता बर्फ.

हे मी तुला म्हणाले होते, रविराज. तुला. आत्याबाईंच्या अंगावरून वारं जाऊन तीन वर्षं झाली, त्यांची उजवी बाजू गेली. सासू असली तरी बाईचं सगळं मीच करते आणि त्याची मला लाज नाही की मोठेपणाही नाही. त्या दिवशी पहाटेपासून भेंडी तोडून अंगाला खाज सुटलेली, घरी आले तर अंथरूण घाण झालेलं, बदललं की परत घाण. जीव कावला आणि तोंडातून गेलं. पुढचं कुठं गेलं? पुढं मी तुला सांगितलं होतं की संध्याकाळी त्यांना न्हाऊ घालताना त्या म्हणाल्या, तू मला काय बुडवून मारतीस का काय, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. त्याच फोनवर सांगितलं होतं. ते तू टाकून दिलंस आणि तिथं बर्फ पाडलास.

बाईमाणूस सासरचं गाऱ्हाणं माहेरी करतं. आई करायची, सगळ्या करतात. माहेरी बोललेलं माहेरच्या उंबऱ्याच्या आत राहतं, म्हणून तर बोलता येतं. आपलं माहेर म्हणजे वालचंदनगरला कंपनीनं दिलेली क्वार्टर. बापू रिटायर झाले, क्वार्टर सोडली, आता त्या तारेवर दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळतात. आई गेली. मग मला माहेर कुठलं उरलं? संध्याकाळच्या धारा झाल्या की तुझा फोन, एवढंच.

आणि कुणाबद्दलचं बोलणं तू जगाला ऐकवलंस, तेही आठव. बापू शेवटची दोन वर्षं कुणाच्या घरात राहिले? लेकीच्या घरी कसा राहू म्हणून त्यांना अन्न गोड लागेना, तेव्हा आत्याबाईंनीच सोप्यात त्यांची खाट घातली आणि गावाला सांगितलं की व्याही माझे पाहुणे आहेत, सुनेचे नाहीत. तुला यायला जमलं नाही. त्यांनी निभावलं.

एप्रिलमध्ये बारामतीच्या कॉलेजात सिनेमा दाखवणार असं तू छकुलीला कळवलंयस. त्याआधी माझा आवाज काढून टाक. सगळा काढता येत नसेल तर ते एक वाक्य काढ. बारामतीपासून वडगाव निंबाळकर किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे, आणि वडगावला आमच्या लीलावन्सं राहतात. आत्याबाईंच्या कानावर हे जाता कामा नये. एवढंच मागते.

तुझी बहीण आहे, ते काही मला बदलता येत नाही.
शालन


टोरांटो
१ फेब्रुवारी २०२५

अक्का,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मी दारातच उभ्यानं वाचलं. खूप लागलं. तू रागावलीस ते समजतं, पण माझी बाजू एकदा ऐकून घे.

मी इथं आलो तेव्हा रात्रपाळीला पेट्रोल पंपावर उभा राहिलो, मग पंजाबी आणि गुजराती लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढले. त्यातून उरलेल्या वेळात स्वतःचे छोटे सिनेमे केले. ते कुणी पाहिले नाहीत. पुढे शिकवायला लागलो. दिग्दर्शन शिकवतो, पण नोकरी दर सत्राला नव्यानं मागावी लागते. पुढच्या सत्राला वर्ग मिळेल की नाही हे मला पन्नाशीला आलो तरी माहीत नसतं. बावीस वर्षांत 'पलीकडून' हे माझं पहिलं काम आहे, जे लोकांनी थांबून पाहिलं. तीन देशांत दाखवलं. तुझ्या आवाजानं अनोळखी माणसं रडली, अक्का. एका म्हाताऱ्या पोलिश बाईनं माझा हात धरला आणि सोडला नाही. मे महिन्यात मला कायम करायचं की नाही हे ठरणार आहे, आणि समितीपुढं हाच सिनेमा आहे.

ते वाक्य काढ म्हणतेस. सगळा सिनेमा त्या वाक्यापाशी येऊन उभा राहतो. ते काढलं तर उरतो तो भेंडीचा आणि गाईचा हालहवाल. त्यापुढं तू हसल्याचं सांगितलंस ते मला आठवतं, पण ते ठेवलं असतं तर ऐकणाऱ्याची सुटका झाली असती. मला ती करायची नव्हती. हे कामातलं असतं, रागात समजणार नाही.

आणि मी तुला न विचारता काही केलेलं नाही. तेवीस सालच्या दिवाळीत मी फोनवर विचारलं होतं, घरचं काही माझ्या कामात घेऊ का. तू म्हणालीस, घे की, तुझंच आहे. सिनेमात कुठंही तुझं नाव नाही, गावाचं नाही, तुझ्या सासूबाईंचं, मावशींचंही नाही. कुणाला कळणार?

तुझं नाव नसल्याचं वाईट वाटलं असेल तर शेवटी घालतो. ते मीच आधी करायला हवं होतं. दाजींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
रवी


कोऱ्हाळे बुद्रुक
२४ फेब्रुवारी २०२५

रविराज,

नाव घालतो म्हणालास. हे वाचून मी पत्र ह्यांच्या हातात दिलं, म्हटलं, तुम्ही वाचा, मला काही चुकीचं दिसतंय का बघा. ते वाचून गोठ्यात निघून गेले.

मी तुझ्याकडं नाव लपवायला सांगतेय की लावायला, एवढंही तुला कळेना? सिनेमात नाव नाही म्हणे. माझा आवाज माझ्या गल्लीतलं कुत्रं ओळखतं. मी हाक मारली की चार घरं पलीकडची जाऊ ओ देते.

दिवाळीत तू विचारलंस ते मला चांगलं आठवतं. आपण बापूंच्या फोटोंबद्दल बोलत होतो, ते कंपनीत मशीनपाशी उभे आहेत तो फोटो. तू म्हणालास घरचं काही घेऊ का, मी समजले फोटो. आता सांग, तुला तेव्हा ठाऊक होतं ना मी काय समजले ते?

तुझी भाची तुझ्यापेक्षा हुशार निघाली. तिनं इंटरनेटवर तुझं एक व्याख्यान शोधून काढलं, मला बसवून मराठीत सांगितलं. तू फळ्यापुढं उभा राहून गोऱ्या पोरांना सांगतोयस की समोरच्याला विचारल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही, आणि त्याला नीट समजलंय ना याची खात्री केल्याशिवाय तर मुळीच नाही. पोरं लिहून घेतायत. छान बोलतोस. अंगात कोट पण चांगला होता.

आता खरं सांगते, मी आठ दिवस झोपलेली नाही ती कशानं. मी त्या फोनबद्दल विचार करत होते आणि मला एकदम आठवलं. मी ते म्हणाले, तेव्हा तू मध्येच म्हणालास, "थांब, आवाज तुटला. पुन्हा सांग, अक्का." आणि मी पुन्हा सांगितलं. सावकाश, नीट, तुला ऐकू जावं म्हणून. पहिल्यांदा माझ्या तोंडून गेलं होतं, रविराज. दुसऱ्यांदा तू माझ्याकडून म्हणवून घेतलंस. सिनेमात आहे ते दुसऱ्यांदाचं आहे, मला माझा आवाज कळतो. तेव्हा लाइन खराब नव्हती. हो का नाही ते लिही.

आणि अशा किती गोष्टी मी दोनदोनदा सांगितल्या. आई गेली तो दिवस. छकुलीच्या आधीचं पोर राहिलं नाही ते. मला वाटायचं, एवढ्या लांबचा फोन, येत असेल खरखर.

वाक्य काढ. नोकरीचं तुझं तू बघ.

शालन


टोरांटो
१७ मार्च २०२५

अक्का,

लाइन खराब नव्हती. विचारलंस म्हणून लिहितो.

पण मला आता काही बदलता येत नाही. बारामतीला प्रत गेलेली आहे, हेच इकडच्या समितीपुढंही आहे, आणि एकाच सिनेमाच्या दोन आवृत्त्या करून मी फिरायला लागलो तर मला कुणी उभं करणार नाही.

तू माझ्यावर राग खूप काढलास, थोडा मलाही काढू दे. तुम्ही सगळे तिथं एकमेकांना धरून आहात. बापू गेले तेव्हा माझे कागद अडकले होते, मी त्यांचा अंत्यविधी दाजींनी धरलेल्या मोबाइलवर पाहिला. तोही हलत होता. मी इथं बावीस वर्षं दुसऱ्यांच्या भाषेत जगतो, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतो. माझ्याकडं सांगायला माझं असं काय उरलं होतं? तुझा फोनच होता. तुझं माहेर म्हणतेस, माझंही तेच होतं. मी त्यातलं जे घेतलं ते चोरलं असं मला वाटत नाही.

१९ एप्रिलला बारामतीत कार्यक्रम आहे, सत्कारही ठेवलाय. हॉलमध्ये कॉलेजची पोरं असतील, वडगावच्या बायका तिथं कशाला येतील? दुसऱ्या दिवशी रविवारी मी कोऱ्हाळ्याला जेवायला येतो. वाटलं तर मावशींशी मी स्वतः बोलेन, त्यांना नीट समजावून सांगेन. तू उगाच घाबरतेस.

रवी


कोऱ्हाळे बुद्रुक
२८ एप्रिल २०२५

रविराज,

रविवारी आम्ही दुपारपर्यंत जेवायचे थांबलो. तू आला नाहीस. छकुलीला निरोप आला की पुण्याला तातडीचं काम निघालं. बरं झालं आला नाहीस, पण का आला नाहीस ते सगळ्यांना कळलं.

वडगावच्या बायका कशाला येतील, हे तू लिहिलंस. कॉलेजच्या फाटकावर तुझा फोटो लावला होता, फेट्यातला. लीलावन्संचा युवराज त्याच कॉलेजात आहे. त्यानं घरी जाऊन सांगितलं, मामीच्या भावाचा सत्कार आहे. वन्सं पैठणी नेसून आल्या, रविराज. शेजारच्या चौघीजणी गाडी करून बरोबर आणल्या. आमच्या वहिनीचा भाऊ म्हणून पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. तुला शाल घातली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. मग अंधार झाला आणि माझा आवाज आला.

त्या वडगावला गेल्याच नाहीत. पैठणीवर तशाच थेट इथं आल्या. मी आत्याबाईंना दूधभाकरी भरवत होते. वन्संनी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, आणि वर म्हणाल्या, वैनी, खोटं आसंल तर आत्ताच सांगा, मी पाय धरते तुमचं. मी काय सांगू? भरल्या हॉलनं ऐकलंय. मी म्हणाले, खरं हाय वन्सं.

आत्याबाईंनी तोंड भिंतीकडं केलं. तोंडात घास होता तो गिळला नाही, पदरात काढून ठेवला. मी पुढचं सांगायला गेले, ते न्हाण्याचं, हसण्याचं. ते आता कोण ऐकतंय? तुला नको होतं तेव्हा त्यांना कशाला हवं. रात्रीच त्यांना जीपमध्ये निजवून वडगावला नेलं. जाताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

खाट रिकामी आहे. अंथरूण बदलायचं नाही, न्हाऊ घालायचं नाही, रात्री उठायचं नाही. त्या सुटल्या आणि मी सुटले. माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंस, तसंच झालं बघ. हे माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. डेअरीवर दूध घालायला गेले की बायका गप्प होतात. तीस वर्षं या घरात राबून माझी जी काय अब्रू होती ती तू एका दुपारी शाल आणि नारळाला दिलीस.

मला ह्यापुढं लिहू नकोस. आलेलं पत्र मी फोडणार नाही.

शालन


टोरांटो
२० मे २०२५

अक्का,

फोडणार नाहीस हे माहीत असून लिहितोय.

मी हॉलमध्ये लीलाताईंना ओळखलं. दिवे लागले तेव्हा त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि निघून गेल्या. त्यानंतर कोऱ्हाळ्याचा रस्ता धरायची माझी छाती झाली नाही. मी पुण्यात हॉटेलात पडून राहिलो. काम वगैरे काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात मला कायम केलं. पत्र हातात आलं आणि सवयीनं तुलाच फोन लावला. वाजत राहिला.

आता मला कुणाची परवानगी लागत नाही. मी ते वाक्य काढतो. हवं तर ते हसण्याचंही परत घालतो, माझ्याकडं सगळं जपून ठेवलेलं आहे. नवी प्रत तुला आधी पाठवीन, तू हो म्हणालीस तरच दाखवीन. मावशींना सांग की चूक माझी आहे, तुझी नाही. एकदा फोन उचल. मी काही विचारणार नाही, तू बोल, मी ऐकतो.

तुझा,
रवी


कोऱ्हाळे बुद्रुक
१२ जून २०२५

रविराज,

हे छकुली लिवतिया, बोल माजं, तिच्या आज्जीचं हायेत. तिला सांगितलंय, जसं बोलतिया तसंच लिव, येक अक्षर गाळू नगंस. तुजं पत्र शालननं फोडलं न्हाय. मी फोडून घेतलं आन् वाचून घेतलं. तुला पाव्हणं म्हनायची माजी रीत, आज म्हनत न्हाय.

लीलीनं येऊन सांगितलं तवा मला लई लागलं. खोटं कशाला बोलू. ज्या हातानं घास भरिवला त्याच हाताचा राग आला, म्हून गेले वडगावला. लेकीनं बी चांगलं केलं माजं. मग येक दिस सांच्याला ती पडवीत फोनवर बोलत हुती. तिला वाटलं, आईचा डोळा लागलाय. म्हनली, "दादा, आईचं आता बघवत न्हाय रं. देवानं सोडवावं तिला. मी बी थकले." पोटची पोर हाय ती माजी. मी डोळं मिटून पडून ऱ्हायले.

दुसऱ्या दिशी माजा ल्योक दादासो मला बघाया आला. मी इचारलं, काल लीली फोनवर काय म्हनत हुती रं. त्यो म्हनला, काय न्हाय आई, भेंडीला काय भाव लागला इचारत हुती. माज्या डोळ्यात बघून बोलला. भावानं असंच बोलायचं अस्तं.

मग मला माजा भाऊ गेणबा आठवला. माजी सासू लई वाईट बाई. मायेराला गेले की मी गेणबाला म्हनायची, म्हातारी कवा मरती रं. दर खेपंला म्हनायची. त्यो बांधावर बसून तंबाखू मळायचा आन् आइकायचा. सासू मेली तवा त्योच पयला आला, आन् माज्यापरीस जास्त रडला. गेणबा बी मेला आता. त्याच्या बायकूला अजून ठावं न्हाय मी काय म्हनत हुते ते.

तिनं तुला सांगितलं त्यात तिचा काय गुन्हा न्हाय. मी दादासोला म्हनले, गाडी आण, मला माज्या घरी न्ये. लीलीला काय बोलले न्हाय. तिचं तिच्या भावापाशी ऱ्हाऊ दे.

तू म्हनतूस, वाक्य काडतो, हसल्यालं घालतो. काय बी करू नगंस. समद्या गल्लीनं आइकलं, वडगावनं आइकलं, आता काडून कुणाच्या कानातनं काडशील? आन् आमी दोघी न्हाणीत हसलो ते आमचं हाय, त्ये तर मुळीच घालू नगंस. कायम झालास म्हनं. बरं झालं. खा सुखानं.

शालन आधी चार दिस माज्याशी बोलंना. मीच म्हनले, अगं, मनात काय आसंल ते माज्या म्होरं बोल. आता बोलती. माज्या खाटंवर बसती आन् माजीच गाऱ्हाणी मलाच सांगती. आत्याबाई, आज तुमी मला लई दमवलं, म्हनती. आत्याबाई, तुमची जीभ लई वाईट हाय, म्हनती. मी आइकून घेती. दुसरं कुणाला सांगंल ती, तिला मायेर ऱ्हायलं न्हाय.

तू फोन करू नगंस.

ठमाबाई